यादीत नसलेलं नाव

नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी अमेरिकेच्या पूर्व भागात सकाळचे दहा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ झालेले असतात. त्या सुमारास मिशिगन आणि ओहायो स्टेट या दोन विद्यापीठांच्या फुटबॉल संघांची एक छोटीशी यादी बाहेर पडते. त्यांचा दरवर्षीचा आपसातला सामना बहुधा दुपारी बाराचा असतो, आणि यादी त्याआधी दोन तास तरी जाहीर व्हायला हवी, असा नियम बिग टेन या त्यांच्या स्पर्धागटानं २०२३ मध्ये केला. यादीत दोनच रकाने: कोण खेळणार नाही आणि कोणाचं नक्की नाही. दुखापत कुठली, किती, कधीची, याबद्दल एक अक्षर नाही. पायाचं बोट दुखावलेला मुलगा आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटलेला मुलगा एकाच रकान्यात एकाखाली एक असतात.

शिकायला म्हणून पुण्या-नागपुराहून मिशिगनच्या ॲन आर्बरला किंवा ओहायो स्टेटच्या कोलंबसला गेलेल्या मुलांना हा शनिवार काय चीज आहे, ते पहिल्याच हिवाळ्यात कळतं. कोलंबसमध्ये त्या आठवड्यात विद्यापीठाच्या पाट्यांवरचं 'एम' हे अक्षर लाल पट्टीनं खोडून टाकतात, कारण ते मिशिगनचं. ॲन आर्बरच्या मैदानाची क्षमता १,०७,६०१, कोलंबसच्या मैदानाची १,०२,७८०. पहिला सामना १८९७ साली झाला, मिशिगननं तो ३४-० असा जिंकला. खेळाचं नाव फुटबॉल असलं तरी चेंडू हातानं न्यायचा आणि फेकायचा. अकरा विरुद्ध अकरा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढं जायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याला. पुढचं समजायला एवढं पुरे.

यादी हातात आली की बहुतेक जण मोठी नावं शोधतात. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक आहे ना? त्याची फेक झेलणारा तो वेगवान रिसीव्हर? शोधायला हरकत नाही, पण दुखापतीचा हिशेब नुसत्या नावांवर मांडला की चुकतो. मैदानावर जागा रिकामी राहत नाही. तिथं कुणीतरी येतो, आणि तो जिथून आला तिथं आणखी कुणीतरी जातो. सामना पुष्कळदा या दुसऱ्या-तिसऱ्या माणसापाशी फिरतो. त्याचं नाव यादीत नसतं, कारण तो धडधाकट असतो.

२०२४ चा सामना घ्या. मिशिगनचे दोन नामवंत खेळाडू बाहेर होते, रिसीव्हरला रोखणारा कॉर्नरबॅक विल जॉन्सन आणि अडवणं-झेलणं दोन्ही करणारा टाइट एंड कोल्स्टन लव्हलँड. ओहायो स्टेट घरच्या मैदानावर जवळपास वीस गुणांनी जिंकेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात मिशिगन १३-१० असं जिंकलं. नावांची बेरीज-वजाबाकी करणाऱ्याला हा निकाल चमत्कार वाटेल. ओहायो स्टेटच्या आघाडीच्या पाच जणांकडे ऑक्टोबरपासून ज्याचं लक्ष होतं, त्याला तितका वाटणार नाही.

चेंडूवाल्यासाठी समोरच्यांना अडवणाऱ्या या पाच जणांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. १२ ऑक्टोबरला ओरेगनविरुद्ध ओहायो स्टेटचा लेफ्ट टॅकल जॉश सिमन्स गुडघ्याच्या दुखापतीनं हंगामाला मुकला. त्याच्या जागी झेन मिचाल्स्की आला, तर नेब्रास्काविरुद्ध तोही जखमी. मग लेफ्ट गार्ड डॉनोव्हन जॅक्सन याला टोकावर लेफ्ट टॅकल म्हणून नेलं आणि त्याची गार्डची जागा कार्सन हिंझमननं घेतली. घडी बसतेय असं वाटेपर्यंत, इंडियानाविरुद्धच्या सामन्याच्या आठवड्यात, सेंटर सेथ मॅकलॉफलिन याची टाचेमागची शिर सरावात तुटली. आता हिंझमन सेंटरला आला आणि लेफ्ट गार्डला राखीव फळीतली मुलं. जायबंदी झालेले पहिल्या फळीतले खेळाडू दोनच. पण डावीकडच्या सलग तीन जागांवर, म्हणजे टॅकल, गार्ड आणि सेंटरवर, हंगामाच्या सुरुवातीचा एकही माणूस आपल्या जागी उरला नव्हता.

कबड्डी खेळलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. डावा कोपरारक्षक बाहेर गेला, म्हणून मध्यरक्षकाला कोपऱ्यात उभं केलं, तर कोपरा कच्चा होतोच, शिवाय साखळीत धरलेले हातही बदलतात. चढाईपटू आत शिरला की कधी झेपावायचं, हे शेजाऱ्याच्या हाताच्या ओढीवरून कळतं. ती ओढ नवी असली की अर्धा क्षण जातो, आणि चढाईपटूला तेवढा पुरतो.

सेंटरचं काम जवळून बघण्यासारखं आहे, कारण टीव्हीवर त्याच्याकडे कुणी बघत नाही. तो वाकलेला, चेंडू जमिनीवर त्याच्या हाताखाली. मागं साधारण पाच यार्डांवर क्वार्टरबॅक. समोर हातभर अंतरावर तीनशे पौंडांहून जड माणूस, पंजे जमिनीला टेकलेला. चेंडू सुटण्याआधी सेंटर मान वर करून समोरच्या लाइनबॅकरपैकी, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतल्यांपैकी, एकाकडे बोट दाखवतो आणि त्याचा नंबर ओरडून सांगतो. त्यावरून पाचही जण कुणी कुणाला अडवायचं ते ठरवतात. मग तो दोन पायांमधून चेंडू मागं टाकतो. हात अजून मागंच असतो, तेवढ्यात छातीवर धडक बसते. पहिल्या क्षणाला त्याच्याकडे अडवायला एकच हात असतो.

म्हणून शेजारचा गार्ड त्याला खांदा देतो. दोघं मिळून समोरच्या जड माणसाला एकत्र ढकलतात, आणि एका क्षणी त्यांच्यातला एक सुटून मागच्या लाइनबॅकरवर जातो. हा क्षण कुणी ओरडून सांगत नाही. खांद्याला लागलेल्या खांद्याचा भार कमी-जास्त होतो, त्यावरून तो समजतो. लवकर सुटलात तर जड माणूस दोघांच्या मधून आत घुसतो. उशिरा सुटलात तर लाइनबॅकर मोकळा येऊन चेंडूवाल्याला जागेवरच पाडतो. ही समज ऑगस्टपासून तेच दोन खांदे शेकडो वेळा एकमेकांना घासल्यावर येते. नव्या जोडीकडे सगळं असतं, ताकद असते, हुशारी असते, एवढीच गोष्ट नसते.

आणि त्या दिवशी समोर कोण होते? मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रांट. पुढच्या एप्रिलमध्ये एनएफएल या व्यावसायिक लीगच्या निवडीत हे दोघंही पहिल्याच फेरीत गेले, ग्रॅहम पाचवा आणि ग्रांट तेरावा. मिशिगनची सगळ्यांत भक्कम जागा ओहायो स्टेटच्या सगळ्यांत नव्या जोडणीच्या बरोबर समोर आली. ओहायो स्टेट २६ वेळा चेंडू घेऊन धावलं आणि मिळाले ७७ यार्ड. दोन फील्ड गोल, म्हणजे खांबांमधून चेंडू लाथाडायचे प्रयत्न, हुकले, हेही खरं. बाहेरच्या बाजूला उत्तम रिसीव्हर असताना मधूनच धावायचा हट्ट प्रशिक्षकांनी सोडला नाही, हेही खरं, आणि माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यांत मोठी चूक तीच. दुखापतीनं एक वाट अरुंद केली होती, आणि ते त्याच वाटेनं जात राहिले.

यानंतर जे घडलं त्यावरून दुखापतीची खरी किंमत कळते. जवळपास याच जुळवलेल्या लाइनच्या जोरावर ओहायो स्टेटनं २१ डिसेंबरला टेनेसीला ४२-१७ असं हरवलं, मग ओरेगन, मग टेक्सास, आणि २० जानेवारी २०२५ रोजी नोत्र दामला ३४-२३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सेंटर गेल्यापासून मिशिगनच्या सामन्यापर्यंत दिवस मिळाले होते दहा-अकरा, टेनेसीपर्यंत महिनाभर. म्हणूनच 'कोण गेलं?' एवढ्यावर थांबू नये. 'कधी गेलं?' हे तितक्याच निकडीनं विचारावं. सप्टेंबरात गेलेला सेंटर नोव्हेंबरापर्यंत पचतो. सामन्याच्या दोन आठवडे आधी गेलेला पचत नाही.

मग २०२३ मध्ये मिशिगनला ऐन सामन्यात गेलेला गार्ड कसा पचला? हा प्रश्न रास्त आहे. त्या वर्षी ॲन आर्बरमध्ये तिसऱ्या क्वार्टरमध्ये १७-१७ अशी बरोबरी असताना त्यांचा राइट गार्ड झॅक झिंटर याच्या पायाची दोन्ही हाडं मोडली. जखमींना नेणारी गाडी मैदानात आली, लाखभर माणसं त्याच्या नावाचा घोष करत होती. राइट टॅकल कार्सन बार्नहार्ट एक जागा आत आला, टोकावर ट्रेन्टे जोन्स. अगदी पुढच्याच खेळीत ब्लेक कोरम २२ यार्ड धावून टचडाउन करून, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेऊन, आला आणि त्यानं बोटांनी सहा आणि पाच दाखवले. झिंटरचा नंबर ६५. मिशिगननं सामना ३०-२४ असा जिंकला.

या प्रसंगाबद्दल बोलताना लोक जिद्दीबद्दल बोलतात. जिद्द होतीच. पण बार्नहार्ट आधीच्या हंगामांत गार्ड आणि टॅकल दोन्ही जागी खेळलेला होता. जोन्सही बाकावरून थेट उठून आलेला नवखा नव्हता. जादा माणूस आघाडीवर लावून धावायचं असलं की मिशिगन त्याला नेहमी आत आणायचं. शिवाय सेंटर तोच राहिला, त्यामुळे नंबर ओरडणारा आवाज तोच होता. दोन जागा बदलल्या, पण बदलाचा सराव झालेला होता. ऑगस्टच्या शिबिरात सहावा आणि सातवा माणूस कुठल्या कुठल्या जागी उभा राहतोय, हे बघणाऱ्याला नोव्हेंबरातल्या दुखापतीचं निम्मं उत्तर तिथंच मिळतं.

धावणाऱ्यांचं, म्हणजे रनिंग बॅकचं, गणित वेगळं आहे, आणि इथं लोक उलट्या बाजूला चुकतात. २०२२ मध्ये सामन्याच्या बरोबर सात दिवस आधी इलिनॉयविरुद्ध ब्लेक कोरमचा गुडघा दुखावला. मिशिगनच्या चाहत्यांनी हाय खाल्ली. कोलंबसमध्ये तो उतरला, दोनदा धावला, सहा यार्ड मिळाले, आणि बाकावर बसला. नंतर त्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या जागी डॉनोव्हन एडवर्ड्स, एका हाताला प्लास्टर. त्यानं २२ वेळा धावून २१६ यार्ड काढले, त्यात चौथ्या क्वार्टरमध्ये ७५ आणि ८५ यार्डांचे दोन टचडाउन. मिशिगन ४५-२३. पलीकडे ओहायो स्टेटचा ट्रेव्हेऑन हेंडरसन पायामुळे बाहेर, मियान विल्यम्स पुरता बरा नाही, म्हणून त्या हंगामात लाइनबॅकर म्हणून घेतलेल्या चिप ट्रेयानमला चेंडू दिला. त्यानं १४ वेळा धावून ८३ यार्ड काढले. वाईट अजिबात नाही.

पुढची पाच माणसं शाबूत असतील तर धावणारा बदलता येतो. मिशिगनच्या लाइनला २०२१ आणि २०२२ अशी दोन्ही वर्षं देशातली सर्वोत्तम लाइन म्हणून जो मूर पुरस्कार मिळाला होता. एडवर्ड्स त्या फटींतून पळाला. बदली धावणारा कमी पडतो तो दुसरीकडे, पासच्या खेळीत. क्वार्टरबॅक फेकायला मागं सरकला की न अडवलेला जो कुणी आत घुसतो, त्याला ओळखून अंगावर घ्यायचं काम धावणाऱ्याचं. सरावात हा भाग कमी होतो आणि चूक झाली तर क्वार्टरबॅक पाठीवर मार खातो. बदली माणूस उतरला असेल तर धावण्याच्या यार्डांपेक्षा या खेळ्या बघाव्यात.

प्लास्टरचंही बघा. कठीण प्लास्टर तसंच घेऊन खेळता येत नाही. नियमाप्रमाणे ते सगळ्या बाजूंनी किमान अर्धा इंच जाडीच्या, दाबल्यावर हळूहळू फुगणाऱ्या बंद-छिद्री फोमनं झाकावं लागतं. एवढं गुंडाळल्यावर हाताची बोटं जवळपास निरुपयोगी. लाइनमधला माणूस निभावून नेतो, पण पकडायला बोटं मिळत नाहीत म्हणून मनगटानं ढकलतो. धावणारा चेंडू कायम दुसऱ्या काखेत ठेवतो, आणि बचाव करणाऱ्यांना पहिल्याच धावेत कळतं की ओरबाडायचं कुठल्या बाजूनं. रिसीव्हरसाठी मात्र असा हात म्हणजे सुट्टीच.

प्रत्येक दुखापतीचं आपलं घड्याळ असतं आणि ते सामन्याच्या तारखेला भीक घालत नाही. घोटा साधा, बाहेरच्या बाजूनं मुरगळला असेल तर चिकटपट्टी आवळून एक-दोन आठवड्यांत माणूस परततो. घोट्याच्या वरचा, नडगीची दोन हाडं जोडणारा बंध ताणला गेला असेल तर प्रकरण चार ते सहा आठवड्यांचं, कधी त्याहून जास्त, कारण पाय रोवून दिशा बदलताना ती दोन हाडं फाकायला बघतात. यावर हल्ली एक छोटी शस्त्रक्रिया करतात: दोन्ही हाडांतून आरपार छिद्र, त्यातून मजबूत दोरा, दोन टोकांना धातूची बटणं, आणि आवळून बांधायचं. अलाबामाचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोव्हायलोआ याच्यावर २० ऑक्टोबर २०१९ रोजी ती झाली आणि ९ नोव्हेंबरला तो एलएसयूविरुद्ध खेळला. वीस दिवस. पण पुढच्याच आठवड्यात मिसिसिपी स्टेटविरुद्ध त्याचा खुब्याचा सांधा निखळला. मग ऑबर्नविरुद्धच्या पारंपरिक सामन्यात मॅक जोन्स उतरला. त्यानं चार टचडाउन फेकले, पण दोन फेकी थेट ऑबर्नच्या हातात गेल्या आणि त्यांनी त्या परत पळवून टचडाउन केले. अलाबामा ४५-४८ असं हरलं. फरक तीन गुणांचा.

पायाच्या अंगठ्याची दुखापत ऐकायला किरकोळ वाटते. अंगठ्याच्या बुडाचा सांधा मागं वाकून त्याखालचे बंध फाटतात. बुटात कडक कार्बनची पट्टी घालतात, अंगठा बांधतात, चालता येतं. पण धावताना शेवटचा रेटा अंगठ्यानंच दिला जातो. कॉर्नरबॅकला मागं पळता पळता एकदम पुढं झेपावं लागतं, त्याचा रेटाच गेला तर रिसीव्हर त्याच्यापासून दोन पावलं सुटतो. मांडीच्या मागच्या स्नायूचं तर सगळ्यांत फसवं. दहा दिवसांत मुलगा हसत-खेळत धावायला लागतो, कुठंच दुखत नाही. तो स्नायू फाटतो पूर्ण वेगात, पाय पुढं फेकून जमिनीला टेकायच्या आधीच्या क्षणी. सरावात नव्वद टक्के वेगात काही होत नाही, सामन्यात शंभरच्या वर जायची वेळ आली की तीच जागा पुन्हा जाते. ओहायो स्टेटचा जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा २०२२ मध्ये या एका स्नायूपायी तीनच सामने खेळू शकला, आणि मिशिगनविरुद्ध नाहीच.

गुडघ्यातल्या गादीचा फाटका तुकडा नुसता कापून काढला तर चार-सहा आठवडे. ती गादी शिवली तर चार-सहा महिने. म्हणून 'गुडघ्याची छोटी शस्त्रक्रिया' ही बातमी अर्धवट असते. कापलं की शिवलं, ते समजल्याशिवाय तिचा उपयोग नाही. कापणं लवकर परत आणतं, शिवणं पुढची वीस वर्षं सांभाळतं. वीस-एकवीस वर्षांच्या मुलासाठी काय निवडावं, यात मला तरी शंका नाही. खांद्याच्या टोकाचा सांधा थोडा सैल झाला असेल तर सुन्न करणारं इंजेक्शन आणि पॅडखाली जास्तीचा फोम यावर सामना निघतो. इंजेक्शननं दुखणं झोपतं, हाताची ताकद मात्र परत येत नाही. क्वार्टरबॅकची लांब फेक पाच-सहा यार्ड आधी पडायला लागली, की समजावं.

मेंदूच्या हादऱ्याबाबत घासाघीस चालत नाही, चालूही नये. लक्षणं पूर्ण गेल्यावर पायऱ्या सुरू होतात: सायकलसारखा हलका व्यायाम, मग खेळाच्या हालचाली, मग धडक नसलेला सराव, मग पूर्ण धडकेचा सराव, मग सामना. पायऱ्यांमध्ये साधारण एकेक दिवस जातो, आणि लक्षण परतलं की मागं. शनिवारी डोकं आदळलेला मुलगा रविवारीच लक्षणमुक्त झाला तरच पुढचा शनिवार कसाबसा जुळतो. बहुतेकदा नाही जुळत. २०१७ मध्ये मिशिगनचा क्वार्टरबॅक ब्रँडन पीटर्स विस्कॉन्सिनविरुद्ध असाच बाहेर गेला आणि सात दिवसांनी ओहायो स्टेटसमोर जॉन ओ'कॉर्नला उभं राहावं लागलं. पुन्हा खेळवायचं की नाही, हा निर्णय डॉक्टर आणि ट्रेनर यांचा असतो, प्रशिक्षकाला तो फिरवता येत नाही. या खेळातल्या चांगल्या नियमांपैकी हा एक.

पण खेळाडू स्वतःच गप्प राहिला तर डॉक्टर काय करणार? वर्षातला हा एक सामना, घरचे सगळे आलेले, शेवटचं वर्ष. डोकं ठणकतंय हे तो सांगत नाही. ट्रेनर ही गोष्ट जाणून असतात, म्हणून त्या आठवड्यात तोंडी उत्तरांवर विसंबत नाहीत. तोल, नजर, प्रतिसादाचा वेग हे हंगामाआधी मोजून ठेवलेल्या आकड्यांशी ताडून बघतात.

सामने वाढलेत, माणसं कमी झालीत. २०२४ पासून प्लेऑफमध्ये, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेऱ्यांत, बारा संघ आले. त्या वर्षी ओहायो स्टेट एकूण सोळा सामने खेळलं. २०२५ पासून संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली. आधी मोठ्या विद्यापीठांकडे शिष्यवृत्तीशिवाय खेळणारी पुष्कळ मुलं असायची, सरावात प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायला ती कामी यायची. आता नोव्हेंबरात दहा-बारा जण जखमी असले की नक्कल करायला राखीव फळीतलीच मुलं, आणि तीच दमतात. नव्या मुलांसाठी एक सोय आहे. चार सामन्यांपर्यंत खेळूनही त्यांचं वर्ष मोजलं जात नाही. हुशार प्रशिक्षक त्यातले दोन सामने नोव्हेंबरासाठी शिल्लक ठेवतात.

२०२५ मध्ये ओहायो स्टेटनं आणखी एक शहाणपण केलं. जेरेमाया स्मिथ आणि कार्नेल टेट हे दोघंही रिसीव्हर दुखावलेले होते. रटगर्सविरुद्धच्या सामन्यात दोघांनाही बाहेर ठेवलं. पुढच्या शनिवारी ॲन आर्बरमध्ये दोघंही उतरले, दोघांनीही टचडाउन केला, आणि सामना २७-९ असा जिंकून चार वर्षांची पराभवांची रांग थांबवली. एक आठवडा आधी थांबण्याचं धाडस सगळ्यांना होत नाही.

क्वार्टरबॅकचं शेवटी ठेवलं, कारण तिथं बदली माणसाचं दुखणं निराळं आहे. आठवड्याच्या सरावात पहिल्या फळीबरोबरच्या बहुतांश खेळ्या पहिल्या क्वार्टरबॅकला मिळतात. दुसऱ्याला उरलेल्या, तिसऱ्याला जवळपास काही नाही. रविवारी चित्रफीत आणि तपासण्या, मंगळवार-बुधवार कसून सराव, गुरुवारी हलका, शुक्रवारी नुसती उजळणी. बुधवार संपला की नवं काही शिकवायला वेळ उरत नाही. त्यामुळे दुखापत मंगळवारआधी कळली तर डाव बदलता येतो, सामन्यात झाली तर जो डाव आहे तोच निभवावा लागतो. २०१७ मध्ये तर सामना सुरू व्हायच्या आधीच मैदानाच्या कडेला एका कॅमेरावाल्याचा धक्का ओहायो स्टेटच्या जे. टी. बॅरेटच्या गुडघ्याला बसला. तो तिसऱ्या क्वार्टरपर्यंत खेळला आणि बाहेर आला. पिछाडी १४-२०. ड्वेन हॅस्किन्स आत गेला. तेरा यार्ड हवे असताना त्यानं सत्तावीस यार्डांचा पास टाकला, मग स्वतः बावीस यार्ड धावला, आणि ओहायो स्टेट पुढं गेलं. शेवटी ३१-२०.

बॅरेटचं नाव या सामन्याशी त्याआधीच जोडलं गेलं होतं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये ब्रॅक्स्टन मिलरचा खांदा गेला म्हणून बॅरेटला जागा मिळाली, आणि मिशिगनविरुद्ध चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला त्याचाच घोटा मोडला. आता तिसरा. कार्डेल जोन्स. त्यानं सामना संपवला, ४२-२८. पुढं सातच दिवसांवर विस्कॉन्सिन. प्रशिक्षकांनी त्याच्याकडून बॅरेटची नक्कल करवून घेतली नाही. बॅरेट चेंडू घेऊन स्वतः धावायचा, जोन्सच्या खांद्यात लांब फेकीची ताकद होती. म्हणून डेव्हिन स्मिथला खोलवर पळवलं: चार झेल, १३७ यार्ड, तीन टचडाउन. बचाव मागं खेचला गेला आणि मधून एझेकिएल एलियट २२० यार्ड धावला. ५९-०. मग अलाबामा, मग ओरेगन, आणि विजेतेपद. त्या लाइनमधले पाच जण तेच होते, हे विसरू नये.

बॅरेट कोलंबसच्या मैदानावर पडला होता, तेव्हा मिशिगनचा क्वार्टरबॅक डेव्हिन गार्डनर त्याच्याजवळ गेला. आदल्या वर्षी याच सामन्यात गार्डनर पाऊल जायबंदी असताना शेवटपर्यंत खेळला होता. ४५१ यार्ड फेकून ४१-४२ असं एका गुणानं हरला होता, आणि नंतर कुबड्यांवर फिरत होता. तो वाकला, बॅरेटशी काहीतरी बोलला, आणि आपल्या बाजूला परत गेला. गाडी आत येत होती.